बिनखिशाचे मावळे

एका शनिवारी सकाळी साडेनऊ ते अकरा या दीड तासात मी एकेचाळीस माणसांची अंगं पुसून टाकली, आणि आता आपल्याला चहा मिळेल या आशेनं तिथंच बसून राहिलो.

त्याचं असं झालं. मळवलीला रेल्वे फाटकाच्या पलीकडे, बंगल्यांच्या मागच्या अंगाला चिंगीमावशीचं घर आहे. मावशी शिवणकाम करते. आमच्या गडाच्या उत्सवासाठी ती चाळीस मावळ्यांच्या बाराबंद्या शिवणार होती. बाराबंदी म्हणजे बटणांऐवजी कापडी बंदांनी बांधायची जुन्या वळणाची आखूड बंडी. त्यासाठी लागणारं मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं सुती कापड, स्कूटरवर लादून मी तिच्याकडे पोचवायला गेलो होतो. मावशी घरी नव्हती. कुठल्याशा बंगल्यावर पडदे टांगायला गेली होती. दारात तिचा नवरा बहिरूभाऊ बसला होता. त्यानं मानेनंच 'बसा' म्हटलं. बसलो.

आता रिकामं बसणं हे मला कधी जमलेलं नाही. पस्तीस वर्षं सरकारी रेकॉर्ड रूममध्ये काढलेला माणूस मी. गुंता दिसला की माझ्या बोटांना खाज सुटते. शिवणयंत्राशेजारी एक पत्र्याचा डबा उघडा होता आणि त्यात सुती दोऱ्यांचं कावळ्याच्या घरट्यासारखं काहीतरी झालं होतं. प्रत्येक दोरी दोन-अडीच हात लांब. प्रत्येकीला चार-चार गाठी. वर शेवटाला एकेक कळकट चिंधी बांधलेली. मनात म्हटलं, बिचारी मावशी! कामाच्या रगाड्यात हिला दोऱ्या सोडवायलासुद्धा उसंत नाही.

मग मी मांडी ठोकली. एकेक गाठ नखानं सोडवली, हट्टी होत्या त्या दातानं सोडवल्या. चिंध्या कात्रीनं कापून बाजूला केल्या. त्या बहिरूभाऊनं उचलून अंघोळीच्या पाण्याच्या चुलाण्यात सारल्या. सगळ्या दोऱ्या टोकाला टोक बांधून मी त्यांचा नारळाएवढा सुबक गुंडा केला. एकूण एकशेचौसष्ट गाठी सोडल्या आणि चाळीस मारल्या. रेकॉर्ड रूमच्या उभ्या आयुष्यात एवढं स्वच्छ काम माझ्या हातून झालं नव्हतं.

मावशी आली. डोक्यावरचं पडद्यांचं गाठोडं उतरवलं, डब्यात डोकावली आणि म्हणाली, "दोऱ्या कुटं हायत?"

मी गुंडा पुढं केला. देवळात नारळ पुढं करावा तसा, दोन्ही हातांनी.

तिनं तो घेतला, फिरवून बघितला आणि हळूच खाली बसली.

"भाऊ," ती म्हणाली, "ही मापं व्हती."

मला आधी कळेना. मग गुंड्याकडं बघता बघता कळलं. प्रत्येक दोरी म्हणजे एक माणूस. टोकापासून पहिली गाठ खांद्याची, दुसरी बाहीची, तिसरी छातीची, चौथी लांबीची. शेवटची चिंधी त्या माणसाच्याच जुन्या कपड्याची, म्हणजे दोरी कुणाची ते कळावं. दिवाळीपासून चार महिने मावशी माणसं गाठत होती. कुणी लग्नाच्या मांडवात, कुणी बाजारात, कुणी खळ्यावर. ती सगळी माणसं मी सोडवून, एकमेकांना बांधून, गुंडाळून ठेवली होती.

मावशीनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती नवऱ्याकडं वळली.

"तुमी काय करत व्हता?"

"बगत व्हतो," बहिरूभाऊ म्हणाला.

"आन् बोलला न्हाई?"

"मला वाटलं तूच काम लावलंया. आन् भाऊ लय रंगात आलतं."

मी म्हणालो, "मावशी, मी आत्ता जाऊन टेप आणतो. चांगली पाच फुटी."

"टेप हाय की माज्याकडं," तिनं यंत्राच्या खणातली पिवळी टेप काढून दाखवली. "ती खिडक्यांना. खिडकी काय माप घेताना प्वाट आत घेत न्हाई. माणूस घेतो."

"पण आकडा लिहून ठेवला असता तर..."

"आकडा काय, कुनाचाबी आसतो. छत्तीस म्हनलं की गावात धा जन छत्तीसचं. दोरी ज्याची त्येची."

 पस्तीस वर्षं मी नुसत्या आकड्यांच्याच फायली सांभाळल्या होत्या.

आता हे प्रकरण एवढं गंभीर का, ते सांगायला हवं. आमच्या उत्सवाला सहा वर्षं झाली. गडाखालच्या गावांतली माणसं एक दिवस जुन्या काळातली होतात. खालून शिबंदी गड चढते, दरवाजावर हवालदार अडवतो, खूण विचारतो, खूण पटली की आत घेतो आणि वर सगळे मिळून पिठलं-भाकरी खातात. एक शिरस्ता मात्र पहिल्यापासून आहे. महाराजांचं सोंग कुणी घ्यायचं नाही. पालखीत नुसता जिरेटोप ठेवायचा. पहिल्या वर्षीच्या सभेत चार जण त्या कामासाठी उभे राहिले होते, तेव्हा मागच्या रांगेतून मावशीनं विचारलं होतं, "त्येंच्या तोलाचा मानूस हाय का हितं कुनी?" चौघंही खाली बसले. ते अजून उठलेले नाहीत.

पण कपडे दरसाल पुण्याच्या ड्रेपरीवाल्याकडून भाड्यानं यायचे. मखमल, सोनेरी जर, चिकटवायच्या मिशा. मावशीचं काम म्हणजे सकाळी सुईदोरा घेऊन रस्त्याकडेला उभं राहायचं आणि ज्याचं जिथं उसवेल तिथं टाका घालायचा. पाच वर्षं तिनं लोकांची मखमल सांभाळली. सहाव्या वर्षी सभेत उठून म्हणाली, "मखमल घालून कुनी भात लावलाय का? का गवत कापलंय? गड राखनारी आपल्यासारकीच मानसं व्हती. त्येंची कापडं मी शिवते."

उत्सवाचा अध्यक्ष संदेश. पोरगा गुणी, स्वतःचं रिसॉर्ट चालवतो, गावासाठी पदरमोड करतो. फक्त जगात जे काही घडतं ते ड्रोनमधून कसं दिसेल याची त्याला काळजी. तो म्हणाला, "मावशी, एक वर्ष करून बघू. पण उत्सवाच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी चाळीसच्या चाळीस माझ्या हातात पाहिजेत. एक जरी कमी पडली तर ड्रेपरी. आणि मग पुन्हा हा विषय काढायचा नाही."

म्हणजे मावशीला संधी एकच होती. आणि त्या गुरुवारच्या आधीच्या शनिवारी मी माझी बोटं चालवली होती.

चिंगीमावशी मूळची वरच्या अंगाच्या डोंगरातल्या वाडीची. तिचा बाप कारवीच्या कुडाची घरं बांधायचा. त्याला लिहिता येत नव्हतं. घराची सगळी मापं तो दोरीच्या गाठींत ठेवायचा. एक गाठ दाराची, एक आढ्याची, एक ओट्याची. घर उभं राहिलं तरी दोरी जपून ठेवायचा, कारण वाऱ्यानं काय नेलं ते पुन्हा तसंच बांधता यावं. लग्न होऊन मावशी मळवलीला आली ती बहिरूभाऊबरोबर बंगल्याच्या राखणीला. तिथल्या बाईंनी एक जुनं शिवणयंत्र अडगळीत टाकलं होतं. मावशीनं ते तेलपाणी करून चालू केलं आणि पहिल्यांदा काय शिवलं, तर बहिरूभाऊला पट्ट्यापट्ट्यांची पैरण. कापड पडद्याचं होतं. बहिरूभाऊ ती घालून फाटकापाशी उभा राहिला तेव्हा बाई म्हणाल्या म्हणे, "अगं, हा तर माझ्या बाल्कनीसारखा दिसतोय."

तेव्हापासून तीस वर्षं मावशी बंगल्यांचे पडदे शिवते आहे. बंगलेवाल्यांना दर दोन वर्षांनी रंगाचा कंटाळा येतो, त्यामुळे तिला कामाचा तोटा नाही. नवे टांगले की जुने तिचे. त्या जुन्या पडद्यांतून अर्ध्या वाडीची झबली, दुपटी, परकर झाले. पण शिवलेलं चारचौघांत मिरवावं असं काम तिच्या वाट्याला आलं नव्हतं. पडदा कितीही सुंदर शिवला तरी लोक तो बाजूला सारून बाहेर बघतात, हे तिचं दुःख. एकदाच तिनं ते मला बोलून दाखवलं होतं, आणि लगेच "च्या घ्या" म्हणाली होती.

त्या शनिवारी मात्र चहा मिळाला नाही. मावशी उठली, तिनं माझा नारळाएवढा गुंडा माझ्याच मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "उद्या सकाळी स्कूटर आना. दोरी तुमची, गाठी तुमी मारायच्या."

रविवारी सात वाजता निघालो. मागं मावशी, तिच्या मांडीवर गुंडा आणि कात्री. निर्मला, म्हणजे तिची सून, घरी यंत्रावर बसली. माप येईल तसं कापायचं, कापेल तसं शिवायचं, असा बेत.

पहिला मुक्काम टाकवे बुद्रुक. तिथला कैलास म्हणजे आमचा दरवाजावरचा हवालदार. आवाज खणखणीत, छाती भरदार, आणि छातीच्या खाली जे आहे ते त्याहून भरदार. दुसऱ्या पाळीला जायचा होता म्हणून घरी सापडला. मावशीला दोरी घेऊन येताना बघितलं आणि त्यानं श्वास असा काही वर ओढला की लेंगा घसरायला आला.

मावशी दोरी हातात तशीच धरून ओट्यावर बसली. "काय रे, म्हस याली का तुजी?"

"याली की!" कैलास म्हणाला, आणि म्हशीचं नाव निघताच त्याचा सगळा श्वास बाहेर आला. "पारडी झालीया. पर दूध काय सांगू मावशी, पहिल्या येताला पाच..."

तो पाच म्हणेपर्यंत दोरी फिरून आली होती. मावशीनं चिमटीत धरलेली जागा माझ्यापुढं केली. मी गाठ मारली.

"आं? माप झालं?"

"झालं."

"आवो पर मी तयार नव्हतो!"

"म्हनून तर झालं."

कैलास खजील झाला, पण तेवढ्यात त्याला आठवलं. "मावशी, एक खिसा ठेव की गं बंडीला. मोबाईल कुटं ठेवू?"

"गडावर पहाऱ्याला हुभा तू. फोन कुनाला लावनार?"

"बायकूला."

"ती तुज्या मागनंच यनार हाय, भाकऱ्यांची पाटी घिऊन. हाळी मार. बाराबंदीला खिसा नसतो."

एवढ्यात मावशीनं माझ्या गाठीवरून बोट फिरवलं आणि ती गाठ, कुणी न सांगता, आपणहून सुटली.

"ही बुटाची गाठ," मावशी म्हणाली. "घरी गेलं की सुटती. कुडाची मारा." आणि टाकव्याच्या ओट्यावर, कैलासच्या बायकोच्या आणि दोन शेजारणींच्या देखत, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी गाठ मारायला शिकलो. तिच्या बापाची गाठ. एकदा बसली की सोडायला दात लागतात. हे मला आदल्या दिवशीच कळायला हवं होतं.

तिथून पुढं माणसं पकडत हिंडलो. आकाश रेल्वेत रुळांच्या कामावर. त्याची त्या दिवशी घोरावाडीला पाळी होती. स्टेशनबाहेरच्या झाडाखाली तो भाकरी खात बसलेला. "खात ऱ्हा," मावशी म्हणाली, "भरल्या पोटाचं माप खरं." त्यानं घास गिळत विचारलं, "मावशी, खिसा? जास्त न्हाई, तंबाकूपुरता." "कनवटीला लाव. तुजा आजा काय खिसा घिऊन हिंडत व्हता?"

खिशाची मागणी प्रत्येक ठिकाणी झाली. एकाला किल्लीसाठी, एकाला चष्म्यासाठी, एकाला 'सवय आहे म्हणून'. चाळिसांपैकी एकतीस जणांनी खिसा मागितला आणि एकतीस जणांनी बोलणी खाल्ली. मला तर वाटायला लागलं, की मराठी माणूस गड एक वेळ देईल, खिसा देणार नाही.

सोमवारी संध्याकाळी चाळिसावी दोरी झाली. घरी येऊन मी पाठ टेकणार, इतक्यात मावशीनं गुंड्यातून आणखी एक दोरी कापली आणि ती माझ्याच खांद्याला लावली.

"ही कुणाची?"

"अंबाजीआबांची. ती ऱ्हायली."

अंबाजीआबा पहिली तीन वर्षं सगळ्यांच्या पुढं निशाण धरायचे. गेले त्याला दोन वर्षं झाली. चाळीस मावळे आणि दोऱ्या एकेचाळीस, हे शनिवारी मोजताना माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी बहिरूभाऊकडं बघितलं.

"ती दोऱ्या टाकीत न्हाई," तो म्हणाला. त्या आठवड्यातलं त्याचं हे सगळ्यात लांब भाषण.

"आबा तुमच्यागत अंगाचं व्हतं," मावशी दोरी माझ्या पाठीवरून सोडत म्हणाली. "पाठीत वाकलेलं, छातीत काय न्हाई. हलू नका."

एवढा मान आणि एवढा अपमान मला एका दमात कुणी दिलेला नाही. मी हललो नाही. एकेचाळिसाव्या दोरीच्या गाठी मात्र मी फार जपून मारल्या.

मंगळवारपासून माझी नेमणूक बंदांवर झाली. एका बंडीला बारा, म्हणजे चाळिसांना चारशेऐंशी. तिरपी पट्टी दुमडून शिवायची आणि ती अरुंद नळी खराट्याच्या काडीनं आतून बाहेर उलटी करायची. निर्मला बोलता बोलता एका मिनिटात एक उलटायची. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत माझे सात झाले, त्यांतले दोन अर्ध्यात अडकले आणि एकात काडी मोडून कायमची राहिली. "तो आध्यक्षाला लावा," निर्मला म्हणाली, "टोचत ऱ्हाईल जरा." मावशी हसली नाही, पण यंत्राचं चाक क्षणभर थांबलं.

तिचं शिवणं बघण्यासारखं होतं. दोरी कापडावर ठेवायची, गाठीगाठीला खडूचा ठिपका, आणि कात्री सुरू. कापताना ती त्या माणसाशी बोलायची. "कैलास, म्हशीचं दूध कमी पी." कररर. "आकाश, खांदा वाकडा झालाय रं तुजा, हातोडा उजव्यानंच मारतूस." कररर. उजवा खांदा अर्धं बोट उतरता कापायची. टेपेनं हे आलं नसतं, हे मला तेव्हा पटलं. फेटे आणि शेले मात्र बंगल्यांच्या जुन्या पडद्यांतून निघाले. नक्षीची बाजू आत, उलटी बाजू बाहेर.

गुरुवारी संध्याकाळी पाचला संदेशची गाडी आली. अंगणातल्या वेळूच्या काठीवर चाळीस बाराबंद्या ओळीनं टांगलेल्या होत्या. त्यानं मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग डोकं खाजवलं.

"मावशी, झाल्या खऱ्या. मानलं तुम्हाला. पण..." तो माझ्याकडं बघून थांबला. "काकांनी मापांचा घोळ केल्याचं कळलं ना, तेव्हा मी ड्रेपरीला फोन करून बसलो. म्हटलं रिस्क नको. उद्या टेम्पो येतोय. आणि खरं सांगू का? हे वरून, ड्रोनमधून, जरा गव्हाच्या पोत्यांसारखं दिसेल."

निर्मलाचं तोंड उतरलं. माझ्या तोंडाला तर उतरायला जागाच नव्हती. मावशीनं एक बंडी काठीवरून काढली, झटकली, पुन्हा टांगली.

"शनवारी चढाची तालीम हाय न्हवं?"

"आहे."

"निम्म्यांना तुजी मखमल घाल. निम्म्यांना माजी पोती. मी काय बोलत न्हाई, तूबी बोलू नगं. गड सांगंल."

संदेश तयार झाला. एक तर तो न्यायाचा माणूस आहे, आणि दुसरं म्हणजे त्याला निकाल आधीच माहीत होता.

शनिवारी सकाळी अकराला लोहगडवाडीतून चढ सुरू झाला. फेब्रुवारीतलं ऊन, पण पायऱ्यांच्या दगडात शिरलं की ते एप्रिलचं होतं. पुढं संदेश स्वतः, सरदाराच्या किरमिजी मखमलीत. त्याच्यामागं एकोणीस मखमली आणि वीस मांजरपाटी. गणेश दरवाजापर्यंत सगळे सारखे चालले. नारायण दरवाजाशी मखमलीवाल्यांच्या मिशा सुटायला लागल्या. एकाची मिशी हनुवटीवर आली आणि तो एकाएकी फकीर दिसायला लागला. हनुमान दरवाजाच्या आधीच आठ सरदार सावलीला बसले, ते उठेनात. आणि कैलास, सबंध गावाला ज्याची काळजी, तो पोट सैल सोडून, बंद वाऱ्यावर उडवत, वरच्या पायरीवर पेरू खात उभा!

"हवालदार, तू इतक्यात वर कसा?" संदेशनं खालून ओरडून विचारलं.

"लय गार लागतंय आतनं!" कैलास ओरडला. "वारं सरळ पार जातंय!"

संदेशनं दम एकवटला, तलवार उपसली आणि 'चला' म्हणून हात वर केला. त्याबरोबर बगलेपासून कमरेपर्यंत असा काही टर्रर आवाज झाला, की समोरच्या विसापुरावरून परत आला.

पाण्याची घागर घेऊन मावशी मागून चढतच होती. साठीची बाई, पण दम लागलेला नाही. तिनं पदराच्या काठात खोचलेली सुई काढली. सगळ्यांना वाटलं, आता ऐकवणार. ती फक्त म्हणाली, "हाललास तर टोचंल."

दोन टाके पडले असतील. संदेशच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब गळला. तो हळूच, इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "मावशी, माझी पण शिवली होतीत का?"

"आध्यक्षाची पयली शिवली." तिनं पिशवीतून बंडी काढली. ती तिनं पायथ्यापासून वर आणली होती.

संदेश तटाच्या आड गेला आणि दोन मिनिटांनी माणसासारखा होऊन आला. त्यानं तलवार वर केली. काही झालं नाही. पुन्हा केली. बगलेत मावशीनं एक सैल चौकोनी तुकडा घातलेला होता. हात आभाळाला लागला तरी कापड तक्रार करत नव्हतं. तो चार-पाच वेळा नुसताच हात वर-खाली करत राहिला. मग मोबाईल काढायला गेला, त्याचा हात कमरेशी चाचपडला.

"खिसा?"

वरून चाळीसजणांच्या वतीनं कैलास ओरडला, "न्हाई!"

ड्रेपरीची मखमल रविवारी टेम्पोबाहेर निघालीच नाही. तलवारी तेवढ्या उतरवून घेतल्या.

आणि रविवारी काय सांगू! मांजरपाटाची ती ओळ गड चढायला लागली तेव्हा ती दगडातूनच निघाल्यासारखी वाटत होती. कुणी पायऱ्यांवर अडखळत नव्हतं, कुणी अंगावरचं सावरत नव्हतं. बघायला आलेल्यांत मळवलीच्या एक बंगलेवाल्या बाई होत्या. कैलास जवळून गेला आणि त्यांनी मावशीचा दंडच धरला. "चिंगी, हा कमरेला शेला... हा माझ्या हॉलचा पडदा ना गं?"

"व्हय बाईसाहेब. दोन वर्सं खिडकीत हुभा व्हता. म्हनलं, जरा गड बगू द्या त्येला."

बाईंना इतका आनंद झाला, की पुढं त्या शेजारच्या प्रत्येकाला "तो हवालदार आहे ना, तो माझ्या हॉलचा" असं सांगत सुटल्या. मावशी रस्त्याकडेला उभी होती. हातात सुईदोरा, सवयीनं. वरपर्यंत एकही टाका घालावा लागला नाही. शेवटी तिनं दोरा सुईला गुंडाळला, सुई पदरात खोचली आणि रिकाम्या हातांनी, सगळ्यांसारखी, नुसती बघत उभी राहिली.

मला मात्र बघत उभं राहायला मिळालं नाही. सकाळीच तिनं माझ्या हातात एक घडी ठेवली होती. "आबांच्या मापाची हाय. निशान धरा." एकेचाळिसावी बाराबंदी! ती अंगात अशी बसली, जशी माझ्या अंगाला आणि आबांच्या अंगाला एकाच वेळी ओळखत होती. वर पडद्याचा जाड शेला गुंडाळून, निशाण खांद्यावर घेऊन मी सगळ्यांच्या पुढं चढलो. दोन वर्षं ती जागा मोकळीच चालली होती. ज्याला त्याला ते कळलं.

वर पोचलो. दरवाजात खूण पटली, हवालदारानं आत घेतलं, पालखी टेकली, पंगत बसली. मावशी पिठलं वाढायला लागली. संदेश पंगतीत मांडी घालून, बंद सोडून, तिसरी भाकरी मोडत म्हणाला, "मावशी, पुढच्या वर्षी साठ करायच्या. ड्रेपरीचा विषय बंद."

मावशी म्हणाली, "दोऱ्या लागतील."

मी निशाण तटाला टेकवलं आणि पालखीशी आलो. बघतो तर चढात हिसके बसून पालखीच्या गोंड्यांचा गुंता झालेला. लाल, पिवळे, एकात एक अडकलेले. माझ्या बोटांना खाज सुटली. मी हात पुढं केला. तेवढ्यात कढईपाशी वाढणारा पळा हवेत थांबल्यासारखा वाटला, म्हणून वळून बघितलं. मावशी माझ्याच हातांकडं बघत होती.

मी हात मागं घेतले. ते कुठं ठेवावेत हे न कळून शेल्याखाली सरकवले, आणि चकित झालो. बंडीच्या दोन्ही बाजूंना दोन खिसे होते. चांगले खोल, मनगटापर्यंत हात आत जाईल असे, आणि तोंडाशी दुहेरी शिवणीचे.

"मावशी!" कैलास पानावरून अर्धा उठला. "काकांना दोन दोन खिसं? आन् आमाला तंबाकूपुरता न्हाई?"

पंगतीत गलका झाला. चाळीस मावळे एका सुरात आपली गाऱ्हाणी मांडायला लागले. खरं सांगायचं तर मी मनातून फुगलो होतो. दोन दिवस स्कूटर पिदाडली, तीन दिवस काडीनं बंद उलटले, त्याची ही पावती असणार. मी आपला विनय धरून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मावशी, बाराबंदीला खिसा नसतो म्हणालात, मग माझ्याच बंडीला हे दोन खिसे कशाला?"

मावशीनं माझ्या पानात पिठलं घातलं आणि म्हणाली,

"हात ठिवाया."